डाव्या हाताचं दार

दार अर्धंच उघडलं आणि खांबाला ठणकन आपटून थांबलं.

भरतमामानं ते मिटलं आणि पुन्हा उघडलं, तर पुन्हा ठणकन. मग त्यानं खांबाकडे असं बघितलं, जणू तो खांब आत्ताच रस्त्यावरून चालत येऊन तिथं उभा राहिला होता.

"हा हितं कुठनं आला?" मामानं विचारलं.

"खांब बिल्डिंग बांधली तेव्हापासनं हितंच आहे," मामी म्हणाली. "दार तिकडं कसं गेलं ते सांगा आधी."

मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि कोणाकडे बघावं ते मला कळत नव्हतं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका नव्या इमारतीत, माणगावे बाईंच्या कोऱ्या करकरीत स्वयंपाकघरात आम्ही तिघं होतो. शुक्रवारची दुपार होती. रविवारी बाईंची घरभरणी होती. ते स्वयंपाकघर मामीनं केलं होतं, आणि त्यात ठेवायची घरघंटी मामानं. घरघंटी म्हणजे घरातली पिठाची गिरणी, कंबरेएवढ्या कपाटासारखी. वरून धान्य ओतायचं, खालचं दार उघडून पिठाचा डबा ओढून घ्यायचा. दार अर्धंच उघडत असेल तर डबा बाहेर येत नाही, आणि डबा बाहेर येत नसेल तर त्या गिरणीवर फार तर फुलदाणी ठेवता येते.

आता हे दोघं नवरा-बायको, एका छपराखाली राहतात, एका ताटलीतली चटणी खातात, मग एकाचं दार दुसरीच्या खांबाला कसं आपटलं? त्यासाठी आमच्या मामाच्या घरातला एक नियम सांगायला हवा.

मामा इंडस्ट्रियल डिझायनर. मुंबईत शिकून आला आणि उद्यमनगरात त्यानं घरघंट्यांचा छोटा कारखाना काढला. मामी निपाणीची, इंटिरियर डिझायनर. खाली मामाचा कारखाना, वर घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत मामीचं ऑफिस. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मामानं एक खुर्ची बनवली होती. मामीनं ती एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात ठेवायला नकार दिला. "खुर्ची चांगली आहे, पण त्यांच्या आजोबांना तिच्यातनं उठता यायचं नाही," एवढंच ती म्हणाली. त्यावरून जेवताना जे भांडण पेटलं, त्यात आमटीचं पातेलं उपडं झालं आणि दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी तह झाला: ताटावर धंद्याचं बोलायचं नाही. जो बोलेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची. आणि हे दोघं दिवसभर इतके कामात असत, की ताटाशिवाय त्यांची गाठ पडतच नसे. थोडक्यात, दोघं एकमेकांच्या कामाबद्दल वर्षानुवर्षं बोललेच नव्हते. संसार मात्र झकास चालला होता.

मी तिथं दहा दिवस मुक्कामाला होते, आणि उगाच नव्हते. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मी चार वर्षं नोकरी करत होते, आणि ती सोडायची असं ठरवून रजा टाकून आले होते. दोन ठिकाणी प्रवेश मिळत होता, एक इंडस्ट्रियल डिझाइनला आणि एक इंटिरियरला. सोमवारी कुठल्यातरी एका ठिकाणी होय म्हणायचं होतं. आई म्हणाली, "घरातच दोन्ही नमुने आहेत. जा आणि बघून ये."

नोकरी का सोडत होते? आमची कंपनी दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायची. त्यातलं माझ्या वाट्याचं काम म्हणजे सेटिंग्जचं एक पान. अक्षरं मोठी करा, रंग बदला, रकाने इकडचे तिकडे करा, माऊस नको असेल तर नुसत्या बटणांवर चालवा. चार वर्षं मी ते एक पान घासूनपुसून करत होते. एका मीटिंगमध्ये साहेब हसत हसत म्हणाले, "हजारातला एखादा ते पान उघडतो. उद्या काढून टाकलं तरी कुणाला कळणार नाही." सगळे हसले, मीही हसले. पण घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. चार वर्षांत मी असं काहीच केलं नव्हतं, ज्याला हात लावून म्हणता येईल, हे माझं.

मामाकडे हात लावता येत होता. सकाळी मी खाली कारखान्यात असायची. त्यानं दाराच्या मुठीचे प्लास्टरचे नमुने करून एका फळीवर मांडले होते, आणि येईल त्याला तो ते धरायला लावायचा. पोस्टमनला, दूधवाल्याला, शेजारच्या लेथवाल्याला.

"तिशे, ही मूठ कुणाच्या हातात जाणार हे मला ठाऊक आहे का?" तो मला विचारायचा. "नाही. नांदेडची सून असंल, नाहीतर कारवारची आजी. मी त्यांना कधी भेटणार नाही. म्हणून मला सगळ्यांचेच हात बघाय लागतात."

हे सांगताना तो कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बिलं वाचत असायचा. पडद्यावर सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं होतं. "चष्म्याचा नंबर वाढलाय," तो म्हणायचा आणि चष्मा कपाळावर सरकवायचा.

दुपारी मी मामीबरोबर. तिची रीत निराळीच. नकाशावर एक रेघ ओढण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या जुन्या घरी जाऊन दिवसभर स्वयंपाकघरात पाटावर बसायची. "तुम्ही करा तुमचा स्वयंपाक, मी नुसती बघते." बाई लाजायच्या, मग विसरायच्या, आणि मग मामीला हवं ते दिसायचं.

"तुझ्या मामाला सगळं जग पाहिजे," ती मला म्हणाली होती. "मला काय करायचंय जग? मला हिची उंची पाहिजे, हिचा गुडघा पाहिजे, हिची सासू कुठं बसून कण्हते ते पाहिजे."

दोघांनाही मी आपल्या बाजूला यावं असं वाटत होतं, पण ताटावर बोलायची सोय नव्हती. म्हणून मामा मला नुसता जास्तीचा लाडू वाढायचा आणि मामी त्याच्यावर तूप.

तर, शुक्रवारी दार खांबाला आपटलं.

"मागच्या मशीनला मूठ डावीकडं होती, दार उजवीकडं उघडायचं," मामी बोट दाखवत म्हणाली. "मी तेच मोजून जागा केली. हा खांब डाव्या अंगाला येतो, म्हणून काही अडत नव्हतं."

"ते जुनं मॉडेल गं! डबा उजव्या हातानं ओढायचा तर दार उजवीकडंच आडवं यायचं. माणसं वैतागायची. म्हणून नव्यात फिरवलं. शंभरातली नव्वद माणसं उजव्या हाताची असतात, रोहिणी."

"मला सांगायचं तरी!"

"कधी सांगू? ताटावर?"

मामीनं स्वतः दार एकदा उघडून बघितलं. ठणकन. मग मला तिची थोडी दया आली आणि मामाचीही, कारण ही नुसती कुठलीही घरघंटी नव्हती. माणगावे बाईंनी मामाला शाळेत भूमिती शिकवली होती. नव्या मॉडेलचं पहिलं मशीन बाईंच्या घरात जायचं, हे त्यानं दोन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. आणि मंगळवारी या मॉडेलचे पहिले शंभर पत्रे कापायला जाणार होते.

"मशीन त्या टोकाला सरकवू," मामा म्हणाला.

"तिकडं नाही चालायचं."

"का? तिकडं खांब नाही."

"तिकडं नाही चालायचं म्हणजे नाही. बाईंचा सगळा ओटा या बाजूनं चालतो."

"ओटा काय चालतो? ओटा काय म्हैस आहे?"

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि माणगावे बाई आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, हातात तांब्या-पितळेच्या भांड्यांची पिशवी. आयुष्यभर आधी मोठ्या एकत्र घरात जावांच्या रांगेत, मग भाड्याच्या खोल्यांत त्यांनी स्वयंपाक केला होता. निवृत्तीनंतर हे पहिलं घर स्वतःचं होतं. मामानं कान पकडल्यासारखं तोंड करून काय झालं ते सांगितलं.

बाईंनी पिशवी खाली ठेवली. दार अर्धं उघडलं, हात आत घालून डबा तिरका केला, अंग वळवलं, कोपर खांबाला घासलं आणि डबा कसाबसा निघाला. भरलेला असता तर अर्धं पीठ फरशीवर गेलं असतं.

"निघतो की," त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी तोडफोड कशाला? मी काढतो उजव्या हातानं. सवय आहे मला." कोल्हापूरकडच्या जुन्या बायका 'मी काढतो, मी जातो' असंच बोलतात.

"उजव्या हातानं म्हणजे?" मामानं विचारलं. "दुसऱ्या कुठल्या हातानं काढणार होता?"

बाई नुसत्या हसल्या. मामीच बोलली.

"बाई डावऱ्या आहेत."

"काहीतरीच! बाई फळ्यावर उजव्या हातानं लिहायच्या. मी सहा वर्षं बघितलंय."

"लिहायचो," बाई म्हणाल्या. "लहानपणी डाव्या हातात पाटीवरची पेन्सिल धरली की गुरुजी पट्टी मारायचे. उजवा हात लिहायला शिकला. सासरी वाढताना डावा हात पुढं केला की सासूबाई ताट मागं घ्यायच्या. मग वाढायलाही उजवा शिकला. पण भाकरी थापायला कुणी शिकवलं नव्हतं ना, ती माझी मी शिकलो. ती डाव्यानंच येते."

"मी त्यांच्या घरी बसले होते तेव्हा बघितलं," मामी म्हणाली. "भाकरी, विळी, पळी, सगळं डावं. म्हणून गॅस तिकडं, परात हिकडं, नळ त्या कोपऱ्यात. सगळं उलटं केलंय मी. बाईंना सांगितलंसुद्धा नाही."

बाईंनी ओट्यावरून नजर फिरवली. त्या पुढं झाल्या, गॅसपुढं उभ्या राहिल्या आणि हवेतच डावा हात तव्यावरून परातीकडे नेला. पुन्हा नेला. मग पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "मला वाटलं, नवीन घर आहे म्हणून सोपं वाटतंय."

मामा त्या मशीनच्या दाराकडे बघत होता. शंभरातली नव्वद त्यानं मोजली होती. उरलेल्या दहांतली एक त्याला भूमिती शिकवून गेली होती आणि हे त्याला आज कळत होतं. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

"जुनं मशीन आणून ठेवतो बाई," तो म्हणाला.

"नाही हं. तू नवीन केलंस ते दे. मी घेतो जमवून. आजवर जमवलंच की."

"म्हणूनच नको," मामी ठसक्यात म्हणाली.

मग मी बोलले. मला वाटतं, त्या दहा दिवसांत कोणी न विचारता मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मामा, दार दोन्हीकडून लावता येणार नाही का? म्हणजे ज्याच्या घरी जाईल त्यानं ठरवायचं, मूठ कुठल्या बाजूला हवी."

"तिशे, ते तुझ्या कॉम्प्युटरवर. हितं पत्रा आहे. भोक एकदा पाडलं की पाडलं."

"मग दोन्हीकडे पाडा."

मामानं माझ्याकडे बघितलं.

"बिजागरीची भोकं डावीकडे पण आणि उजवीकडे पण," मी घाईघाईनं म्हणाले. "नको असतील त्यांना बुचं बसवायची. नव्वद लोकांना कळणार पण नाही. दहा लोक दार काढून पलीकडे लावतील. आम्ही असंच करतो. तुम्ही बरोबर आहात ते तसंच राहू द्यायचं, पण ज्याला नको त्याला बदलता आलं पाहिजे."

"आणि दार उघडलं की मोटर बंद करणारं बटण? ते उजव्या कडेला आहे. दार फिरवलं की ते आंधळंच."

"ते वरच्या पट्टीत मधोमध घ्या की," मामी म्हणाली. "मधल्याला डावं-उजवं कुठं असतं?"

मामानं खिशातून पेन्सिल काढली आणि कागद सापडेना म्हणून मामीच्या नव्या कोऱ्या भिंतीवर आकृती काढायला लागला. एरवी मामीनं त्याला तिथंच उभा चिरला असता. पण ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "हे जरा वर घ्या, झाकणाला लागंल," असं म्हणून तिनं त्याच्या हातातली पेन्सिल घेतली.

शनिवारी मशीन टेंपोतून कारखान्यात परत आलं. कमरेला मोजायची टेप लावून मामी सकाळीच जिना उतरून खाली आली. मामाच्या कारखान्यात ती किती वर्षांनी आली होती कोण जाणे. आल्या आल्या तिनं फळीवरच्या मुठी एकेक करून डाव्या हातात धरून बघितल्या आणि तीन बाजूला काढल्या. "ह्या डाव्या तळव्याला रुततात." मामा चरफडला, पण त्या तीन मुठी त्यानं फळीवरून उतरवल्या. दिवसभर ड्रिलचा आवाज आणि त्याच्या वरताण दोघांची वादावादी. बुचं काळी असावीत की मशीनच्या रंगाची, यावर तर जेवणवेळ टळून गेली. मी कधी दार धरत होते, कधी मापं सांगत होते, आणि मधूनच लक्षात यायचं की मला भयंकर मजा येतेय. संध्याकाळी मामानं दार या बाजूनं लावून दाखवलं, मग चार स्क्रू काढून त्या बाजूनं. प्रत्येक वेळी ते सुतासारखं सरळ उघडलं आणि मोटर गपकन बंद झाली.

रविवारी घरभरणीला माणसांची ही गर्दी. पूजा झाली, नारळ फुटला, आणि बाईंनी नव्या घरातले पहिले जोंधळे घरघंटीत ओतले. मामा कोपऱ्यात उभा होता, हाताची घडी घालून, दहावीच्या निकालाला उभं राहावं तसा. मामी त्याच्या शेजारी. मशीन घरघरलं, थांबलं. बाई एका पाहुणीशी बोलत होत्या. त्यांच्या भाचीच्या लग्नाचं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलताच त्यांनी डाव्या हातानं मूठ धरली, दार उघडलं, डाव्याच हातानं डबा ओढला, ओट्यावर ठेवला आणि चिमटीत पीठ घेऊन चोळलं. हे सगळं होताना भाचीच्या लग्नातलं एक वाक्यसुद्धा तुटलं नाही.

"भरत, पीठ छान पडलंय रे," एवढं त्या म्हणाल्या आणि परत लग्नाकडे वळल्या.

मामाचा चेहरा पडला. "दाराबद्दल काहीच बोलल्या नाहीत," तो कुजबुजला.

"त्यांना कळलंच नाही," मामी म्हणाली, आणि आनंदानं तिला हसू आवरेना.

मी मात्र तिथून निघून गॅलरीत जाऊन उभी राहिले. 'काढून टाकलं तरी कुणाला कळणार नाही,' असं साहेब म्हणाले होते. तेव्हापासून त्या वाक्यानं मला आतून खाल्लं होतं. आणि इथं बाईंना काहीच कळलं नव्हतं, आणि दहा दिवसांत बघितलेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट होती. हजारातला एखादा ते पान उघडतो, हे खरंच होतं. पण तो एखादा कोण असेल, हे साहेबांनी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कधी पट्टी खाल्लेली एखादी बाई असेल.

आम्ही जैन, आमच्यात सूर्यास्ताच्या आत जेवतात. घरी येऊन आम्ही तिघं ताटावर बसलो तेव्हा खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं.

"मग?" मामा न राहवून म्हणाला. "उद्या सोमवार. माझ्याकडं की हिच्याकडं?"

"अहो, ताटावर!" मामीनं डोळे वटारले.

"हा धंदा नाही. हा पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मी पुण्याला जाते," मी म्हणाले. "नोकरीवर."

दोघांचे घास हातात राहिले. मग मी सांगायला सुरुवात केली. ते पान काय आहे, त्यात काय काय बदलता येतं, रकान्यांची जागा बदलायला मला किती महिने लागले, ज्याचा हात थरथरतो त्याच्यासाठी बटणं कशी ठेवलीत. घरात कोणाला, अगदी आईलासुद्धा, मी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं आहे असं मला वाटतच नव्हतं. मामा मध्येच प्रश्न विचारत होता. मामी म्हणाली, "म्हणजे यांच्यासारखं एकच करून सगळ्यांना पाठवायचं, आणि माझ्यासारखं ज्याच्या त्याच्या घरात बसवायचं." मी म्हणाले, "हो, तसंच." हात वाळले, आमटी गार झाली, ऊन गेलं, आणि मी बोलतच होते.

शेवटी दम घ्यायला थांबले, तर मामीनं आपलं ताट माझ्या ताटात ठेवलं. मामाचं त्याच्यावर.

"ताटावर धंदा बोललीस," ती म्हणाली. "एवढा वेळ तर या घरात कुणीच बोललं नव्हतं. ऊठ, घास."

इतक्या आनंदानं मी आयुष्यात भांडी घासली नाहीत. शेवटचं ताट विसळत होते तेव्हा मामा फडकं घेऊन शेजारी आला, त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं, आणि मामीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "ते अक्षर मोठं करायचं म्हणालीस, ते कुठं असतंय गं?"

मी तशीच ओल्या हातांनी त्याच्याबरोबर जिना उतरले. कारखान्यात कॉम्प्युटर लावला, माझं पान उघडलं आणि अक्षरं दोन घरं मोठी केली. मामानं सवयीनं पडद्याला नाक लावलं. मग तो हळूहळू मागं झाला, आणखी मागं झाला, आणि खुर्चीला पाठ टेकून त्यानं पहिलं बिल मोठ्यानं वाचून दाखवलं.